ओटीपी कुणालाही सांगू नका

दीपकने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चोर होते. निदान त्याच्या मते तरी!

डिसेंबरातली सकाळ होती. निफाडच्या थंडीबद्दल आईकडून खूप ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि दोन स्वेटर घालून कुडकुडणं वेगळं. द्राक्षबागेच्या कडेला शेकोटी पेटवून सात-आठ मजूर बाया कामाला लागायची वाट बघत होत्या, आणि त्यांच्यात मी मोबाईल घेऊन बसले होते. तेवढ्यात एक मोटारसायकल जवळजवळ शेकोटीतच घुसली.

"ओ मॅडम! काय चाललंय हे?"

"सह्या घेतेय."

"सह्या? बांधावरून बघतोय, तुम्ही मोबाईल दाबला की माझा वाजतो. पाच मिनिटांत चार ओटीपी आले. चार! माझ्या खात्यात काय ठेवलेलं नाय, पण म्हणून असं दिवसाढवळ्या?"

झुंबरबाई, त्या टोळीतल्या सगळ्यात वयस्कर, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "आमच्याकडं कुठं फोन हाय, बाई? कुणी नंबर इचारला की आम्ही समद्या ह्या मालकाच्या दीपकचाच देतो. रेशनला, दवाखान्याला, समद्याला."

मी कपाळावर हात मारला. मग त्याला सगळं सांगितलं. मी संजना, नाशिकरोडची, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. शेतात राबणाऱ्या बायांना कामाच्या जागी संडास मिळावा, असा कायदा करा, असा संसदेला ऑनलाइन अर्ज मी सुरू केला होता. हजार सह्या झाल्या की तो दिल्लीला याचिका समितीकडे जाणार होता. सहाशे झाल्या होत्या, पण सगळ्या नाशिक-पुण्याच्या. ज्या बायांसाठी अर्ज, त्यांची एकही सही त्यात नव्हती आणि याची मला लाज वाटत होती.

त्याने माझ्या हातातून मोबाईल घेऊन अख्खा अर्ज वाचला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले... थंडीने असतील, नाहीतर दुसऱ्या कशाने.

"खरंय हे," तो हळूच म्हणाला. "पण चारही सह्या घ्या ना मग."

"एका नंबरावर एकच सही चालते."

"मग झुंबरबाईंची घ्या. त्यांच्या घरी दुसरं कुणीच नाय." आणि त्याने आकडे सांगितले. सांगून झाल्यावर म्हणाला, "बँकवाले म्हणतात, कुणालाही सांगू नका."

"मी बँकवाली वाटते का?"

"नाय. बँकवाल्या इतक्या कुडकुडत नाहीत." असं म्हणून त्याने गळ्यातला मफलर काढून माझ्यासमोर धरला.

मी घेतला. नाही कशाला म्हणू? थंडी होती!

त्यानंतर दर रविवारी मी निफाडच्या गाडीत बसायला लागले. दीपक मला वस्तीवस्तीवर न्यायचा. बायांचे नंबर म्हणजे मुलांचे नाहीतर नवऱ्यांचे, आणि मुलं हटून बसायची. ओटीपी सांगायचा नसतो, टीव्हीवर सांगतात! मग दीपक उंबऱ्यावर बसून त्यांना समजवायचा, चहा प्यायचा, पुन्हा समजवायचा. सातशे झाल्या, आठशे झाल्या. तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी म्हटलं यावर आमचं अजून भांडण आहे.

"एवढ्या लांब येतेस... सह्यांसाठीच ना?" त्याने एकदा मोटारसायकल चालवता चालवता विचारलं.

"नाही. मफलर परत द्यायला. पण दर वेळी गळ्यातच राहतो."

तो आरशातून हसला. मी आरशात बघत होते, हे त्यालाही दिसलं.

मला तो आवडायला लागला होता. मी बौद्ध क्लार्कची मुलगी, तो वीस एकर बागेच्या मालकाचा एकुलता एक. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

नऊशेच्या वर गेल्यावर मी यादी चाळली आणि सहज विचारलं, "साऱ्या तालुक्याच्या सह्या आणल्यास. तुझी कुठंय?"

"माझा नंबर झुंबरबाईला दिला ना."

"दुसरं सिम दहा मिनिटांत मिळतं, दीपकराव."

तो खाली बघत म्हणाला, "यादी सगळ्यांना दिसते, संजना. बागाईतदाराच्या पोरानं स्वतःच्याच बागेविरुद्ध सही केली, असं होईल. अप्पांना नाय चालायचं."

"दुसऱ्यांच्या दारात बसून सांगतोस घाबरू नका, आणि स्वतः?"

मी मफलर काढून त्याच्या हातात दिला आणि एसटी पकडली. गाडीत रडले. पुढचे दोन रविवार गेलेच नाही.

तिसऱ्या शनिवारी त्याचा फोन आला. "उद्या घरी ये. चोरून दुसरं सिम घ्यायचं नाय मला. अप्पांसमोर करायचंय."

त्याचे वडील, गेणूअप्पा, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दीपकने मोबाईलवर अर्ज उघडला, स्वतःचं नाव घातलं आणि नंबर अप्पांचा टाकला. अप्पांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला.

"कसला कोड हा?"

"सही करतोय, अप्पा. बायांच्या संडासाच्या अर्जावर. माझ्या नावानं."

"आपल्याच बागेची तक्रार दिल्लीला? सोयरेधायरे वाचतील ना!"

"वाचू द्या."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हिच्यासाठी चाललंय का हे?"

"नाय. सही बायांसाठी हाय. हिच्यासाठी... वेगळं बोलायचंय. म्हणजे हिच्याशी पण अजून बोललो नाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"कुणाची गं तू?" अप्पांनी विचारलं.

"लताबाईंची. बाबांना नाशिकला नोकरी लागेपर्यंत आई इकडच्याच बागांमध्ये कामाला यायची. बारा वर्षं. सकाळी निघताना पाणी प्यायची ते रात्री घरी जाऊनच. मध्ये एक घोट नाही. प्यायली तर जाणार कुठं? त्यातच तिची एक किडनी गेली."

समोर बागेत बाया वाकून काम करत होत्या. झुंबरबाईही होत्या. अप्पा तिकडेच बघत राहिले. कोड दहाच मिनिटं चालतो. स्क्रीनवर आकडे उलटे धावत होते. दोन मिनिटं... एक... वेळ संपली.

"येते मी," मी उठले. दीपकचा चेहरा बघवत नव्हता.

"थांब," अप्पा म्हणाले. "संपला का तो? दुसरा मागव."

दुसरा आला. त्यांनी एकेक आकडा दोनदा वाचला. मग चपला घातल्या. "ते वेगळं काय बोलायचंय ते आधी तुम्ही दोघं बोला. मग माझ्याशी. मी लगेच हो म्हणणार नाय, आधीच सांगतो." आणि ते बागेकडे चालू लागले.

"बोल," मी म्हणाले.

"आत्ता?"

"अप्पांनी सांगितलंय."

"संजना... मला तू लय आवडतेस. अप्पा नाय म्हणले तरी परत विचारीन. दहादा विचारीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मलाही तू आवडतोस, वेड्या. पण माझ्या आईलाही विचारावं लागेल. ती अप्पांपेक्षा अवघड आहे."

"तिला काय सांगू?"

"हजार झाल्या की अर्ज जाईल, दिल्लीचं उत्तर येईल तेव्हा येईल. तुमच्या बागेत संडास कधी बांधताय, ते सांग. त्याशिवाय ती पुढचं ऐकणार नाही."

त्याने एकदा बागेकडे पाहिलं. "विहिरीजवळ नको... त्या बांधाला आडोसा हाय. उद्याच गवंडी बोलावतो. चल, दाखवतो."

त्याने हात पुढे केला. मी तो धरला, आणि आम्ही दोघं संडासाची जागा बघायला निघालो.