पाकिटावर नाव नव्हतं

लोंबकळणारी वायर दिसली आणि तिचे हात शिवशिवले. वाचनालयात तिला सगळे उगाच का ‘टापटीप’ म्हणायचे! तिने ते मोकळं टोक भिंतीवरच्या, सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या नेटवर्कच्या स्विचमध्ये खोचलं... आणि बघता बघता सगळे कॉम्प्युटर ठप्प.

तासाभराने नेटवर्कवाला आला. “ही कोणी लावली?”

“मी...” तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे ग्रंथपालबाई उद्याच ठरवणार होत्या. “नीट दिसावं म्हणून –”

“दिसतंय की नीट!” तो हसला. “फक्त वरच्या मजल्यावरच्या स्विचकडे जायला दोन वाटा झाल्या, आणि निरोप गरगर फिरत बसले. पण चूक तुमची नाही. संरक्षणच कोणीतरी बंद करून ठेवलंय.”

“म्हणजे?”

“स्विच दर दोन सेकंदांनी शेजाऱ्याला चिठ्ठी पाठवतो. ‘हॅलो’ म्हणतात तिला. या वायरींतून बाकीचा मजकूर जातो तसल्याच पाकिटातून, इथरनेटच्या. वर नाव कोणाचंच नाही, एक ठरलेला पत्ता. तो फक्त स्विचला कळतो. शेजारी ती वाचतो, पण तीच पुढे ढकलत नाही. स्वतःची नवी लिहितो. वाट गोल होतेय असं दिसलं, की एक तोंड, म्हणजे वायर खोचायची एक जागा, बंद.”

“बिचारं!”

“तोंड बंद, पण कान उघडे हं! चिठ्ठ्या यायच्या थांबल्या, तर ते आपणहून उघडतं.”

तिला हसू फुटलं. घरी आईही तिला हेच म्हणायची – तोंड बंद, कान उघडे.

ग्रंथपालबाईंनाही त्याने तेच ठणकावून सांगितलं: दोष बंद ठेवलेल्या संरक्षणाचा, मुलीचा नाही. दुसऱ्या दिवशी ती कायम झाली. आनंदाने तिला रडूच आलं.

संध्याकाळी तो शेवटची तपासणी करायला आला, तेव्हा तिने एक पाकीट पुढे केलं. वर नाव नव्हतं. नुसतं ‘ज्याला कळेल त्याला’.

आत लिहिलं होतं: ‘तुमच्यामुळे नोकरी राहिली. तुमचे उपकार विसरणार नाही. हॅलो.’

त्याने ते दोनदा वाचलं. मग तिचीच पेन्सिल उचलून एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘हॅलो. मला कळलं.’

“आता... दर दोन सेकंदांनी?” तिने विचारलं.

“हात मोडेल माझा! रोज संध्याकाळी एक चालेल?” तो जरा घुटमळला. “आणि एखाद्या दिवशी नाहीच आली तर –”

“तर मी आपणहून बोलेन,” ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.