कोलसुंगीचं लाकडी वाइंडर

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी लाकडी वाइंडरच्या लहान चाकाचा एक दात तुटला. आवाज काडीपेटीतली काडी मोडावी एवढाच झाला. यंत्र थांबलं, लाल दिवा लागला आणि चंद्रपूरच्या जुळणी शेडमध्ये त्या वेळी एकटीच असलेल्या प्रणाली निखाडेने हातातला चहा खाली ठेवला.

वाइंडर म्हणजे खाणीत माणसांचा पिंजरा सोडणारं आणि वर ओढणारं यंत्र. खरं वाइंडर कोलसुंगीच्या कोळसा खाणीवर होतं, पोलादी, घराएवढं. शेडमधलं त्याचं रूप टेबलावर मावणारं होतं. पातळ प्लायमधून लेझरने कापलेल्या शेकडो तुकड्यांतून ते जोडलं होतं. सरकारी कागदांत अशा नमुन्याला 'अग्रजुळं' म्हणत, म्हणजे मूळ यंत्राच्या आधी म्हातारं होणारं जुळं. शेडमधल्या बायका नुसतं जुळं म्हणत.

लाकूड पोलादापेक्षा लवकर थकतं आणि लहान वस्तू मोठ्या वस्तूपेक्षा लवकर थकते. या दोन्ही थकव्यांचं गणित बसवलं, हवेतली ऊब आणि ओल ठरावीक ठेवली, की जुळ्याचा एक दिवस मूळ यंत्राच्या एका महिन्याएवढा होतो. खऱ्या यंत्राचा भाग न भाग मोजायचा, झीज, बाक, पोचे यांसकट लाकडात कापायचा, जोडायचा आणि चालवत ठेवायचं. जुळं जिथे मोडेल तिथेच पुढे यंत्र मोडणार. जुळ्याने यंत्राची दहा वर्षं, म्हणजे आपले चार महिने, काढली की यंत्राला प्रमाणपत्र मिळे.

"संगणक विचारलेल्याचं उत्तर देतो, लाकूड न विचारलेलंही सांगून जातं," असं डॉ. मकरंद देवतळे पाहुण्यांना सांगत. हे तंत्र त्यांचंच होतं. फक्त जोडणी माणसाच्या हातानेच करावी लागे. झिजलेल्या तुकड्यांच्या जिभा समोरच्या खाचांत सरळ बसत नाहीत. यंत्राचा हात जोर करतो आणि मोडून ठेवतो. माणसाचा हात थोडं थांबतो, तिरकं करून बघतो. प्रणाली हे काम लग्नाच्या आधीपासून करत होती. तिची मान आता एका बाजूला पुरती वळत नसे.

नियम दोनच होते. काचपेपर लावायचा नाही आणि मेण लावायचं नाही. खोट जशी आहे तशीच राहू द्यायची.

कोलसुंगीचं पहिलं जुळं दोन वर्षांपूर्वी तिनेच जोडलं होतं. त्याने दहा वर्षं निमूट काढली. आज मोडलं ते त्याच मापांवरून, फेरतपासणीसाठी कापलेलं दुसरं. तेही तिनेच जोडलं होतं, पण उजव्या अंगठ्याला पट्टी बांधून. गेल्या महिन्यात तो मुरगळला होता. आणि हे दुसरं जुळं मोडलं ते चोवीस दिवसांत, म्हणजे यंत्राच्या हिशेबाने दोन वर्षांचं होऊन. मापं घेतली तेव्हापासून दोन वर्षं म्हणजे हेच दिवस.

खाणीला कळवायचं ते देवतळेंनीच, आणि ते अजून यायचे होते. सात वाजता कोलसुंगीची पहिली पाळी खऱ्या वाइंडरने खाली गेली. त्या पाळीत तिचा नवरा दिवाकर होता.

डॉ. देवतळे साडेनऊला आले. त्यांनी तुटका दात चिमट्यात धरून बराच वेळ पाहिला.

"अंगठा कसा आहे आता?"

"दुखते, सर."

"मग झालं तर. एका हाताने जोडलंत, कुठेतरी तिरकं बसलं असणार. पहिलं धडधाकट निघालंय ना? मग हे बाद धरू. तुम्ही आठ दिवस सुट्टी घ्या."

प्रणाली हो म्हणाली. सुट्टी तिला हवीच होती. तिरकं बसलं नव्हतं हे तिला माहीत होतं. पण दमलेल्या माणसाला दुसऱ्याने आयतं कारण दिलं, की ते नाकारायलाही जोर लागतो. तिने दिवाकरला दुपारी लवकर घरी ये म्हणून सांगायचं ठरवलं, आणि खाली मोबाइल लागत नाही हे आठवून फोन पर्समध्ये टाकला.

जेवणाच्या सुट्टीत उषाताई ठेंगणे समोर येऊन बसल्या. शेडमध्ये सगळ्यांत जुन्या त्याच. एका पिठाच्या गिरणीचं जुळं त्यांनी अर्धं जोडून आणलं होतं, गोंद वाळेस्तोवर.

"सुट्टी भेटली म्हणे तुले. नवऱ्याले घेऊन पचमढीले जा."

"तो कुठचा येते. त्याले पिंजऱ्यात बसल्याशिवाय करमत नाही."

"तुले तरी कुठं करमते घरी? काल जेवता जेवता ताट फिरवत होती तू." उषाताई हसल्या.

प्रणाली हसली नाही. ती उषाताईंच्या डाव्या हाताकडे पाहत होती. बोलता बोलता त्यांचा अंगठा गिरणीचं दातेरी चाक फिरवत होता. थोडं पुढे, थोडं मागे. अडलं की परत मागे, परत पुढे. चाक आधी अडखळत होतं, मग कमी अडखळू लागलं.

"उषाताई, हे काय करून राह्यल्या?"

"काय करून राह्यली? बसली आहो."

"हात पाहा तुमचा."

उषाताईंनी हात पाहिला. "हे होय! गोंद वाळेपर्यंत हात काय बांधून ठेवू का, बाप्पा? मोकळं होते न चाक त्यानं. सगळ्याच करतात. तूबी करते."

करत होती. दुसऱ्या जुळ्याच्या वेळी, पट्टी असताना, मात्र केलं नव्हतं, कारण दुखत होतं.

तिने जाऊन सांगितलं ते देवतळेंनी ऐकून घेतलं. मग कपाटातून पहिलं जुळं काढून लहान चाक भिंगाखाली ठेवलं. बाजूच्या पडद्यावर कापण्याआधीचं मूळ माप लावलं. मापात एका दातावर बारीक उंचवटा होता, खऱ्या यंत्राच्या जुन्या दुरुस्तीचा. लाकडाच्या दातावर तो नव्हता. तिथे फक्त गुळगुळीत चकाकी होती.

"काचपेपर नाही लावला तुम्ही," ते म्हणाले.

"नाही, सर."

"हाताने गेलाय हा. भार चढायच्या आधीच, चोळून चोळून." ते खुर्चीत बसले. "पोलादात तो अजून आहे. प्रत्येक फेरीला तोच दात जास्त भार घेतोय, दोन वर्षं. आम्ही लाकडाचं गणित केलं, हवेचं केलं. रिकाम्या हाताचं कोणी केलंच नाही."

"काहून केलं नाही, सर?"

देवतळेंनी खाणीच्या व्यवस्थापकांना फोन लावला.

दीड वाजता वाइंडर थांबवण्यात आलं. तासाभरात खाणीच्या अभियंत्यांनी ध्वनिलहरींनी दात तपासला. त्याच दाताच्या बुडाशी भेग निघाली. ती किती खोल हे कळलं. किती फेऱ्या टिकेल हे कळायला मार्ग नव्हता. खाली एकोणतीस माणसं होती. वर यायची दुसरी वाट म्हणजे तिरपा बोगदा; तो छत पडल्यामुळे गेल्या आठवड्यापासून बंद होता. नवं चाक यायला चार दिवस लागणार होते. क्रेनचा दोर तेवढ्या खोलीला पुरत नव्हता.

व्यवस्थापक लोणारे यांचा आवाज स्पीकरवर शेडभर ऐकू येत होता. "डॉक्टर, सकाळपर्यंत तुमचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं माझ्या. आता तुम्ही म्हणता थांबवा. थांबवलं. मग माणसं वर आणू कशी?"

"तिसरं जुळं जोडतो. आजच्या भेगेसकट. ते किती फेऱ्या काढतं ते पाहू."

"कधीपर्यंत?"

देवतळेंनी प्रणालीकडे पाहिलं.

"न थांबता बसली तं उद्या सकाळ," ती म्हणाली.

"खाली एकाची छाती दुखतेय," लोणारे म्हणाले. "उद्या सकाळ चालणार नाही."

चार वाजता लेझरने कापलेले तुकडे टेबलावर आले. प्रणालीने पट्टी तशीच ठेवली. एकेक चाक बसवलं की ती हात मांडीखाली घेऊन बसे. उषाताई शेजारी उभ्या राहून तिच्यावर नजर ठेवत होत्या आणि दोनदा त्यांनी तिच्या मनगटावर चापट मारली. दोन्ही वेळा तिला कळलंही नव्हतं, हात कधी बाहेर आला ते.

साडेपाचला खाणीच्या टेलिफोनवरून दिवाकरशी बोलणं जोडून दिलं.

"तुझ्या खेळण्यानं अडकवलं न आम्हाले," तो म्हणाला. मागे कोणीतरी हसलं.

"जेवला का?"

"डबा केव्हाच संपला. ऐक, देविदासची छाती दुखते, त्याले वर पाठवायचं म्हणतात. दोघंच, म्हणजे वजन कमी. त्याले धरून बसाले कोणीतरी पाहिजे."

"दुसरं कोणी नाही का?"

"त्याले माझ्याशिवाय कोण ओळखते? घाबरला आहे तो. तू सांग, किती फेऱ्या आहेत त्या दातात?"

तिने टेबलाकडे पाहिलं. समोर अर्धं वाइंडर होतं. त्यातून काहीही कळत नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मंग झालं तं. ठेवतो." तो चिडलेला वाटला नाही, दमलेला वाटला.

फोन ठेवल्यावर देवतळे हळू आवाजात म्हणाले, "त्यांना थांबायला सांगता आलं असतं तुम्हाला."

"कशाच्या भरवशावर, सर? या हाताच्या?"

ती पुढचा तुकडा घेऊन बसली. देवतळे मुंबईला सुरक्षा संचालनालयात फोन लावत राहिले. या शेडच्या प्रमाणपत्रांवर चालणारी सगळी यंत्रं थांबवावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. रोपवे, धरणांचे दरवाजे, रुग्णालयांच्या लिफ्ट, इतर खाणींची वाइंडरं. पलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, नेमक्या कोणत्या यंत्रात खोट आहे? देवतळे म्हणाले, तेच आम्हाला ठाऊक नाही. अधिकारी म्हणाले, मग यादी पाठवा, सकाळी बैठक घेऊ.

सहा वाजून पन्नास मिनिटांनी कोलसुंगीच्या घंटेचे तीन टोले पडले. माणसं पिंजऱ्यात चढत आहेत, असा त्याचा अर्थ. मग एक टोला पडला आणि पिंजरा निघाला. वेग नेहमीच्या चौथाई ठेवण्यात आला होता.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा पिंजऱ्याने अर्धी खोली पार केली होती. शेडमध्ये तिसऱ्या जुळ्याचं लहान चाक अजून बसायचं होतं. राज्यातली बाकीची प्रमाणित यंत्रं वेळापत्रकाप्रमाणे सुरू होती.