जांबुघोड्याचा चौथा मार्ग

मार्ग लिहिणं हे कंटाळवाणं काम आहे, कुणी काही म्हणो. पाणीगेटला आमच्या गॅरेजपाशी गाडीचं मीटर शून्यावर आणायचं, प्रत्येक वळणाला थांबायचं, आकडा टिपायचा आणि पुढे लिहायचं : 'डावीकडे शाळा, मग चढ, पहिला गियर.' नंदेसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढून मी सुटलो, दोन जुन्या जीपा घेतल्या आणि डोंगरात गाडी घालायची हौस असलेल्यांना भाड्याने द्यायला लागलो. जीपबरोबर मी लिहिलेला मार्गाचा कागद मिळतो. तीन मार्ग पावागढच्या बाजूचे. चौथा जांबुघोड्याच्या जंगलातून जाणारा, एका कोरड्या कोतरात, म्हणजे ओढ्याच्या घळीत, उतरून पलीकडे चढणारा. सगळ्यांत सुंदर तोच. माझ्या कंबरेचे टाकेही त्यानेच ढिले केले.

गाडी निघताना फॉर्मवर माणसं किती ते मी स्वतः लिहितो. गाडी परतली की माझी बायको शैला वरच्या घरातून चहा घेऊन येते, माणसं तेवढेच कप. तिचं सगळं मोजूनमापून. अठ्ठावीस वर्षांत तिचा चहा कधी कमी पडलेला मी पाहिला नव्हता.

मार्चमध्ये चार इंजिनियर चौथ्या मार्गाने जाऊन आले आणि एकाला चहा मिळाला नाही.

"अहो, चार म्हणाला होतात ना?"

"चारच." मी फॉर्म पाहिला. अक्षर माझं, आकडा चार. समोर पाच जण उभे, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते. म्हटलं, आपलाच म्हातारचळ, दुसरं काय! पण पुढच्या आठवड्यात एक गुजराती जोडपं गेलं आणि येताना त्यांच्याबरोबर एक म्हातारी होती. दोघं तिला 'बा, बा' करत हाताला धरून उतरवत होते. आता विचारणार तरी काय? ही तुमचीच आई का म्हणून?

मग गोविंदराव त्या मार्गाने गेला. गोविंदराव माझा शाळासोबती. आईबापांचा एकुलता एक, लग्न केलं नाही, दोघांनाही खांदा द्यायला मी होतो. सकाळी एकटा गेला आणि ऊन उतरायच्या आत परतला. शेजारच्या सीटवर त्याच्यासारख्याच नाकाचा एक माणूस बसला होता.

"ओळखलंस ना? उदयसिंह. आमचा धाकटा."

"गोविंदा, तुला भाऊ कधी झाला रे?"

तो खो खो हसला. "बस काय, लक्ष्मीकांत! सुरसागर तळ्याच्या काठावर सायकलवरून पडलास, तेव्हा तुला पाठुंगळी घेऊन घरी कोणी आणलं?"

पडलो होतो हे खरं. पण घरी मी एकटा आलो होतो, लंगडत, फुटका गुडघा धरून. मी तसं म्हणणार एवढ्यात त्या माणसाने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. डाव्याच.

"अजून ठणकतो का हो पावसाळ्यात?"

शैला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गोविंदाचा आणि माझा असे दोन कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती वर गेली आणि तिसरा कप घेऊन आली.

जेवताना म्हणाली, "आपण जाऊन येऊ."

"कुठे?"

"चौथ्या मार्गाने."

आम्हांला मूल नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, डाकोरच्या देवळाच्या पायऱ्या झिजवून झाल्या. दहाएक वर्षांपूर्वी तिने तो विषयच बंद केला होता. तो बंद झाला याचं मला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

"वेड लागलंय तुला? तिथून काय येतं, कोणास ठाऊक!"

"काय यायचं ते येऊ दे. तुम्ही घोरता हो रात्री. मी भिंतीकडे बघत पडते."

मला भीती वाटत होती आणि मी ते तिला सांगितलंही. तिने ताटं उचलली. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी निघालो. फॉर्मवर लिहिलं : 'माणसं : दोन.' हालोल सोडलं, शिवराजपूर गेलं. रस्त्याकडेच्या महुड्याच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली बायका फुलं वेचत होत्या. त्यांनी आम्हांला हात केला. जांबुघोड्याच्या पुढे डांबर संपलं आणि जीप सागाच्या वाळक्या पानांवरून कुरकुरत चालली. शैलाने नवी साडी नेसली होती. मांडीवर पर्स घट्ट धरून ती सरळ समोर बघत होती.

कोतराच्या तोंडाशी मी थांबलो. अकरा वाजले होते, ऊन नुसतं रणरणत होतं.

"शैला, अजून परत फिरू."

"चला."

उतरायला लागलो. पाखरांचा आवाज थांबला. तळाशी वाळू कोरडी ठणठणीत होती, पण ओल्या मातीचा वास आला, नुकतं सारवल्यासारखा.

मी आरशात पाहिलं नाही.

पलीकडच्या चढाला जीप लागली आणि मागून खाली दबली. स्प्रिंगा करकरल्या. रिकाम्या गाडीसारख्या नव्हे, भरल्या गाडीसारख्या.

शैलाने डोळे मिटून घेतले.

"बाबा, काच खाली करा ना. किती उकडतंय!"

"थांब, धूळ येईल," मी म्हणालो.

आणि चढ संपेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आल्यावर शैलाने न विचारता तीन कप आधण ठेवलं. आमची कांचन चोवीस वर्षांची आहे. तिला कांजिण्या आल्या तेव्हा मी चार रात्री उशाशी बसलो होतो, हे मला स्वच्छ आठवतं. त्या चार रात्री मी नंदेसरीला ओव्हरटाइम केला होता, हेही आठवतं. रोज सकाळी यातलं एक जरा पुसट होतं. कुठलं, ते मी बघत नाही. शैला स्वयंपाक करताना गुणगुणते. मलाही पोरीचा लळा लागलाय, खोटं कशाला बोलू!

पण म्हटलं, आपलं झालं ते झालं, आता पुरे. चौथ्या मार्गाच्या कागदांचा गठ्ठा मी फाडायला घेतला. कांचनने तो अलगद माझ्या हातातून काढून घेतला.

"बाबा, तुम्ही दमलात. आता हे मी बघते."

दमलोच होतो. देऊन टाकला.

हल्ली फोन तीच घेते. गिऱ्हाइकांशी गुजरातीत बोलते, मराठीत बोलते, सगळ्यांना ती आवडते. परवा दुपारी जिन्यात टेकलो होतो, तेव्हा तिचा आवाज ऐकू आला.

"पावागढ काय, कधीही होईल हो. तुम्ही जांबुघोड्याला जा." ती जरा थांबली. "किती जण आहात?"

पलीकडून उत्तर आलं असावं.

"दोघंच? अरे वा, मग तर छानच." तिने पेन उचललं. "मागे तिघं बसतील."