सासूबाईंचा फोटो

खंडाळ्याच्या बंगल्यात आम्हाला बसवलं होतं ते नव्या मालिकेचं बायबल लिहायला. म्हणजे कोण कुणाची कोण, घर कसं, कुणाच्या आयुष्यात आधी काय घडलं, ते सगळं एकदा ठरवून टाकायचं. पुढे लेखक कितीही बदलोत, त्यात लिहिलेलं तेच खरं. लिहिणारे दोघंच, ओंकार आणि मी. धुकं खिडकीतून आत यायचं, अंथरुणं ओलसर लागायची आणि चॅनलचे फोन थांबत नव्हते. माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

मालिकेतली सासू पहिल्या भागाआधीच वारलेली. बायबलात तिचा हार घातलेला फोटो हवा होता. जवळच्या औंढे गावातून स्वयंपाकाला येणाऱ्या शालूबाईंचा चेहरा मला भारी आवडायचा. त्यांना विचारून फोटो काढला आणि लॅपटॉपवर त्याला झेंडूचा हार चढवला.

"जित्या माणसाला हार घालत्यात व्हय?" त्या हसल्या, पण तोंडाला पदर लावून.

"खोटाय हो, मावशी."

दुसऱ्या दिवशी त्या उशिरा आल्या, चिंब भिजून. नेहमीचा जीपवाला थांबलाच नव्हता. "हात केला, हाक मारली. तोंडाम्होरनं गेला मेला."

दुपारी त्या ओंकारच्या ताटात भाकरी वाढत होत्या आणि तो मला विचारत होता, "ज्योत्स्नाताई, आज मावशी आल्या नाहीत का?" असली थट्टा मला खपत नाही. मी त्याच्यावर डाफरले. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला आणि भाकरी मोडून खाऊ लागला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात माकड शिरलं. शालूबाईंनी काठी आपटली. माकडाने मानही वर केली नाही, त्यांच्या पायाशी बसून शेंगा सोलत राहिलं.

सकाळी त्या दारातच उभ्या राहिल्या. डोळे सुजले होते.

"सुनंनं रातच्याला माझं ताट घेतलं न्हाई. नात माझ्या कुशीबिगर निजत न्हाई, ती भिंतीकडं तोंड करून निजली. हात लावला, तर थंडी वाजती म्हनून रडाय लागली. बाई, तेवढा फोटू काढून टाका."

मी असलं काही मानत नाही. पण त्यांचं रडणं बघवेना. फोटो काढून टाकला. तेवढ्यात चॅनलचा फोन. सासूचा चेहरा लगेच हवा, वरिष्ठ खोळंबलेत. आता दुसरं कोण शोधणार? माझाच एक फोटो घेतला, केस पांढरे केले, हार चढवला आणि बायबल पाठवून दिलं.

शालूबाईंचा मोबाइल वाजला.

"आजी, कुटं हायेस तू?" नातीचा आवाज मलाही ऐकू आला.

शालूबाई हसत होत्या, रडत होत्या. मला फार बरं वाटलं.

ओंकार आत आला. "अहो मावशी, कुठे होतात? आणि ताई कुठे गेल्या?"

"आत्ता हितंच व्हत्या."

"अरे, इथेच आहे मी," मी म्हणाले.

ओंकारने माझ्यासमोरचा लॅपटॉप मिटला.

"बसा मावशी, दमलात." त्याने माझ्या खुर्चीकडे हात केला.

शालूबाई डोळे पुसत आल्या, पाठ वळवली आणि टेकू लागल्या. मी घाईघाईने उठले.