पुढच्याने फक्त ऐकायचं

कोल मॅकफेलची गाडी सव्वासहाला दारात येऊन थांबली तेव्हा ऊना ड्रमंड थर्मासमध्ये चहा ओतत होती. चीज आणि कांद्याची सँडविचेस बांधून झाली होती. बर्फकुऱ्हाड पाठपिशवीला अडकवलेली होती, बुटांचे काटे तळाशी ठेवलेले होते. होकायंत्र मात्र तिने पिशवीत टाकलं नाही, दोरी लावून गळ्यात घातलं आणि वरून जॅकेटची चेन ओढून घेतली.

“पुढे बस, ऊना,” मागच्या सीटवरून टॅम रेनी म्हणाला. “मागे माझा गुडघा झोपलाय. त्याला उठवू नकोस, दिवसभर कुरकुर करेल.”

टॅम हा डोंगर चढणाऱ्यांच्या क्लबातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात बोलघेवडा गडी. त्याच्या मांडीवर व्हिस्कीची बाटली होती, तिला निळी रिबीन बांधलेली. ती बाटली आज बेन उआरच्या माथ्यावर फुटायची होती, कारण बेन उआर हा कोलचा शेवटचा डोंगर होता.

त्या डोंगराळ मुलखातल्या लोकांचं हे वेड बाहेरच्याला सांगून समजत नाही. तीन हजार फुटांवरच्या डोंगराला ते मन्रो म्हणतात. असे दोनशे ब्याऐंशी मन्रो एकेक करून चढायचे आणि छापील यादीत प्रत्येकासमोर खूण करायची. बक्षीस नाही, पदक नाही. पण एकदा यादी हातात घेतली की माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, खूण करायला विसरणार नाही. आणि न चढलेल्या डोंगरापुढे खूण करणाऱ्याला क्लबात कोणी पाणी विचारत नाही.

कोलने बेन उआर अकरा वर्षं मागे ठेवला होता. इव्हरच्या आठवणीचा मान म्हणून, असं तो सांगे, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. इव्हर म्हणजे ऊनाचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये याच डोंगरावर, याच कोलबरोबर चालताना तो कड्याखाली गेला होता.

“त्याच्या जागी तू ये,” कोल महिन्यापूर्वी घरी येऊन म्हणाला होता. चहाचा कप दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून. निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं ऊनाला वाटलं. पण ती लगेच हो म्हणाली.

तिच्या मुलीला, इश्बेलला, हे मुळीच पटलं नव्हतं. ती इनव्हरनेसला इस्पितळात नर्स होती. “त्या डोंगरावर तुझं काय राहिलंय, आई?” तिने फोनवर विचारलं होतं. ऊनाने विषय बदलला होता.

काय राहिलं होतं ते एका वहीत होतं. डोंगरांत ठिकठिकाणी दगडी खोपटं असतात. दार कायम उघडं असतं, येईल त्याने रात्र काढावी आणि जाताना तिथल्या वहीत दोन ओळी लिहाव्यात. इव्हर आणि कोल अपघाताच्या आदल्या रात्री अशाच एका खोपटात राहिले होते. गेल्या ऑक्टोबरात त्याचं छप्पर बदललं, तेव्हा कपाटामागे पडलेली जुनी वही सापडली आणि देखभाल करणाऱ्या माणसाने ती ऊनाला आणून दिली. दोन पानं मेणबत्तीच्या मेणाने चिकटली होती. तिने पाव कापायच्या सुरीने ती हलकेच सोडवली.

आत इव्हरचं अक्षर होतं. ‘कोल आज पलीकडच्या मन्रोवर दगडांच्या पहिल्याच राशीला हात लावून माघारी फिरला. खरा माथा तिथून दहा मिनिटं पुढे. खूण करू नकोस म्हटलं तर म्हणाला, तोंड बंद ठेव. माझं तोंड कधी बंद राहिलंय? सोमवारी क्लबात सांगणार.’

सोमवार इव्हरला दिसलाच नाही.

टॅमचा गुडघा खिंडीपर्यंत कसाबसा पोचला आणि तिथे त्याने बैठा संप केला. साडेअकरा झाले होते. माथ्यावर ढग चढत होता. टॅमने एका खडकाच्या आडोशाला बूड टेकलं आणि बाटली कोलच्या पिशवीत कोंबली.

“तुम्ही जा. माझ्या नावाचा घोट घ्या, पण एकच. उरलेली मोजून घेईन.” मग ढगाकडे बघत तो हळूच म्हणाला, “वर काही दिसायचं नाही रे. उद्या नाही का जमणार?”

“अकरा वर्षं झाली, टॅम,” कोल म्हणाला.

दोघं वर निघाले. आधी वारा पडला. मग ढग खाली आला, जमिनीचा बर्फ आणि आभाळ एक झालं. अशा पांढऱ्यात पाऊल वर पडतंय की खाली तेही कळत नाही. ऊनाला स्वतःचे हातमोजे दिसत होते, कोलचं लाल जॅकेट दिसत होतं, आणि तिसरं काहीच दिसत नव्हतं. ओल्या लोकरीचा वास येत होता.

अशा वेळी चालायची एक रीत आहे. एकाने जेमतेम दिसेल इथपर्यंत पुढे जायचं आणि उभं राहायचं. दुसऱ्याने मागे होकायंत्र धरून त्याच्यावर नेम लावायचा आणि सांगायचं: थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. पुढचा नेमक्या रेषेवर आला की मागच्याने त्याच्यापर्यंत जायचं, आणि पुन्हा तेच. पुढच्याला काही दिसत नसतं. त्याने वाद घालायचा नाही, फक्त ऐकायचं. पोरंसुद्धा पहिल्या हिवाळ्यात हे शिकतात.

अकरा वर्षांपूर्वी इव्हर पुढे होता आणि होकायंत्र कोलच्या हातात होतं. डाव्या बाजूला कडा, कड्यावर वाऱ्याने रचलेला बर्फाचा छज्जा. वरून जमिनीसारखा दिसतो, खाली सातशे फूट हवा. ‘मी उजवीकडे सांगत होतो, तो डावीकडेच जात राहिला,’ कोलने पोलिसांना सांगितलं होतं. सगळ्यांनी ते मानलं. ऊनानेही मानलं होतं, वही हातात येईपर्यंत.

“जा पुढे,” ती आता म्हणाली. “होकायंत्र माझ्याकडे आहे.”

“माझ्याकडेही आहे की.”

“मन्रो तुझा. माथ्यावरच्या राशीला पहिला हात तुझा लागायला हवा ना? मागे राहून कसा लागेल?”

शेवटच्या डोंगराची रीतच तशी. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं असतंच. मग वळला आणि चालू लागला.

ऊनाला त्याला मारायचं नव्हतं. हे तिने स्वतःला हिवाळाभर बजावलं होतं. इव्हर गेला त्या जागेपाशी त्याला उभं करायचं, कडा कुठल्या बाजूला आहे हे त्याला कळत नसताना, आणि विचारायचं. खरं ऐकल्यावर त्याला सुखरूप खाली न्यायचं, आणि सोमवारी क्लबात सगळ्यांदेखत वही वाचायची. एवढंच ठरलं होतं.

वीस पावलांवर लाल जॅकेट थांबलं. तिने नेम लावला. तो रेषेच्या जरासा डावीकडे होता.

‘डावीकडे’ हा शब्द तिच्या जिभेवर आला. अगदी सहज आला, जणू हिवाळाभर तिथेच दबा धरून बसला होता. तिने तो गिळला.

“उजवीकडे,” ती म्हणाली. “चार पावलं.”

कोल डावीकडे सरकला. चार पावलं.

तिला वाटलं, टोपीमुळे नीट ऐकू गेलं नसेल. ती जरा मोठ्याने म्हणाली, “उजवीकडे, कोल. उजवा हात.”

तो आणखी डावीकडे गेला. त्याचे खांदे वर ओढले गेले होते, मागून कोणीतरी मानेवर थंड हात ठेवावा तसे. तो वळून बघत नव्हता.

“अरे, कुठे चाललास? इकडे ये...”

“तसं बोलू नकोस,” तो म्हणाला.

“कसं?”

“त्याच्या आवाजात... बोलू नकोस, ऊना.”

आजूबाजूला इतकी शांतता होती की जॅकेटवर पडणारे बर्फाचे कण ऐकू येत होते. मग कोल हळूच वळला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फक्त ओठांकडे. ते मिटलेले होते. तरी त्याने मान डोलावली, कोणाचंतरी बोलणं ऐकून घ्यावं तशी.

“हो रे,” तो म्हणाला. “हो, इव्हर. एका खुणेसाठी. तू सोमवारी सांगणार होतास... मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी तुला डावीकडे पाठवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तू विचारलंस, नक्की का? ...मी म्हटलं, नक्की.”

ऊनाला हवं होतं ते मिळालं. आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. भरल्या पोटासारखा, स्वस्थ आनंद. त्याची तिला लाजही वाटली नाही. मोडून पडलेला तो माणूस बघत ती उभी राहिली, एक श्वास, दोन श्वास, तिसरा. तेवढ्यात त्याच्या पायाखाली बर्फ करकरला. जाड काच तडकावी तसा आवाज, लांबलचक, डावीकडून उजवीकडे गेलेला.

“थांब,” ती म्हणाली. “कोल, हलू नकोस. छज्ज्यावर आहेस तू. आलास तसा माझ्याकडे परत ये.”

त्याने मान कलती करून ऐकलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर शाळेतल्या आज्ञाधारक पोराचा भाव होता.

“नक्की?” त्याने विचारलं.

“नाही!” ऊना ओरडली. “तिकडे नाही, नाही!”

कोलने मान डोलावली, पाठ फिरवली आणि एक पाऊल टाकलं.

लाल रंग पुसल्यासारखा गेला. मग खालून, फार खालून, बर्फ कोसळल्याचा घरघराट आला आणि हळूहळू थांबला. त्याची किंकाळी तिने ऐकली नाही. बहुधा त्याने मारलीच नव्हती.

ऊना गुडघ्यांवर बसली. मी उजवीकडे सांगत होते, तो डावीकडेच जात राहिला. हेच आता तिला पोलिसांना सांगायचं होतं, शब्द न शब्द, आणि हेच खरं होतं. तिला हसू फुटलं आणि ते आवरेना.

तिने फोन काढला आणि आपत्कालीन नंबर लावला. पलीकडून एक बाई लगेच बोलली. ऊनाने डोंगराचं नाव सांगितलं, जागा सांगितली, माणूस पडल्याचं सांगितलं.

“शांत राहा, सर,” बाई म्हणाली. “तुम्ही स्वतः सुरक्षित आहात ना, सर?”

“मी बाई आहे,” ऊना म्हणाली. “ऊना ड्रमंड.”

“आवाज तुटतोय, सर. तुम्ही जागेवरून हलू नका. पथक निघतंय.”

तिने फोन ठेवला. रेंजच खराब, असं ती स्वतःशी म्हणाली. थंडीने घसा बसला असेल. फोन लगेच वाजला. इश्बेल होती. तिची जेवणाची सुट्टी एकला असे.

“पोचलीस का गं वर?”

त्या आवाजाने ऊनाला रडू कोसळलं. “इश्बेल, बाळा, ऐक. कोल पडला. मी बरी आहे, पण मी एकटी आहे...”

पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजली आणि बंद झाली.

“कोण बोलतंय?” इश्बेलने विचारलं.

“अगं, मी. आई.”

मग, अकरा वर्षांत तिने न वापरलेला एक शब्द, अगदी लहान आवाजात:

“...बाबा?”

“नाही गं, मी आहे,” ऊना म्हणाली. तिला स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. बसलेला होता, रडका होता, पण तिचाच होता. “मी आहे, इश्बेल, तुझी आई...”

“बाबा, असं नको ना म्हणूस,” इश्बेल हुंदके देत म्हणाली. “आई कुठे आहे? तिला काय केलंस?”

ऊनाने ओठ घट्ट मिटले. त्यांवर हातमोजा दाबून धरला, दात ओठांत रुतेपर्यंत. एक अक्षर बाहेर पडू द्यायचं नाही. त्याला तोंड हवं असेल तर हे मिळणार नाही. फोन तिला बंद करायचा होता, पण तो धरलेल्या दुसऱ्या हाताची बोटं गोठली होती, ती हलेनात.

तिच्या तोंडावर हात तसाच होता. फोनमधून इश्बेलचा आवाज येत होता. रडणं थांबलं होतं. कोणाचंतरी मन लावून ऐकावं तशी ती मध्ये मध्ये थांबत होती.

“हो, बाबा,” ती म्हणत होती. “...हो. गाडी आहे माझी. निघते आत्ताच. ...वर कुठून यायचं ते फक्त तू सांगत राहा.”