निळा दिवा विझल्यावर

ही गोष्ट खरी आहे. त्या संध्याकाळी मी तिथे होतो, म्हणून सांगतोय. पटो न पटो.

फेब्रुवारी २००६. नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी. माझ्या पुरुषोत्तमकाकांचं अपार्टमेंट.

वसुधाकाकू जाऊन आठवडाही झाला नव्हता.

त्यांना मूलबाळ नाही. काकूने जीव लावला तो माशांना. बोटाच्या पेराएवढे, लालभडक, प्रवाळाचा जीन घालून लॅबमध्ये घडवलेले. टाकीवरचा निळा दिवा लागला की निखाऱ्यासारखे फुलायचे. तिन्हीसांजेला काकू तो लावायची, खाणं टाकायची आणि गुणगुणायची…

सांज झाली बाई, डोळा वाटेला लागला,
घरधन्यासाठी माझ्या दिवा दारात जागला.

"देव राहिले बाजूला, माशांपुढे दिवा लावते ही," काका चिडवायचे.

माणूस गेलं की घरात दिवा अखंड ठेवतात. काकांनी पणती लावली, तर स्मोक अलार्म किंचाळला. मग त्यांनी काकूचा निळा दिवाच तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही असं ठरवलं. तिला वाट दिसायला हवी, एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी बर्फाळ पाऊस होता. विजेच्या तारा तुटल्या.

लाइट गेली.

निळा दिवा विझला. पंपाची बुडबुड थांबली.

घर एकदम रिकामं झालं…

"नकुल," काका अंधारात म्हणाले, "आता ती चुकेल रे."

मी काही बोलणार, तेवढ्यात…

बुडबुड.

मासे पेटलेले होते.

सगळे. एकाच कोपऱ्यात, तोंडं वर करून. काकू खाणं टाकायची त्याच कोपऱ्यात.

या माशांना स्वतःचा उजेड नसतो. निळा प्रकाश पडला तरच ते चमकतात. टाकी मीच बसवून दिली होती, मला माहीत आहे.

खोलीत प्रकाश कुठेच नव्हता.

लाइट आली तेव्हा पाण्यावर खाण्याचे दाणे तरंगत होते. काका जागचे हलले नव्हते. मीही नाही.

तेराव्यानंतर मी त्यांना माझ्याकडे बोलावलं. नाही आले. आता तिन्हीसांजेला ते स्वतःच दिव्याचा आणि पंपाचा प्लग काढतात, टाकीजवळ खुर्ची ओढून अंधारात बसतात.

"तू निघ आता," एकदा हळूच म्हणाले. "तू असलास की ती समोर येत नाही."

म्हणून संध्याकाळी मी फक्त फोन करतो. काका उचलतात.

मागून बुडबुड ऐकू येते…

मग काका काकूच्या त्या ओवीची पहिली ओळ म्हणतात. आणि थांबतात. दुसरी ओळ कुणीतरी म्हणणार असल्यासारखे.

मी घाईने फोन ठेवतो.