रहिमाबीचा सब्जा

अकोल्याच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा दुपारी भट्टीसारखी तापायची, तरी इफ्फतचा जीव तिथंच रमायचा. सब्जाचा पाला पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची आणि वर तरंगणारं तेल थेंबाथेंबानं काढून घ्यायचं, हे तिचं काम. मग ते तेल एका जांभळ्या द्रावणात घालायचं. जांभळा रंग उडून पिवळा झाला की समजायचं, तेलात दम आहे. वस्तू नासण्यापासून ते राखू शकतं.

पाला बाळापूरच्या शफीचाचांच्या वावरातून यायचा. त्या दुष्काळी वर्षी त्यांची विहीर आटली, भाजीपाला करपला, सब्जाही गेला. त्यातच त्यांची बायको रहिमाबी वारली. इकडे इफ्फतच्या प्रबंधाची मुदत डोक्यावर आलेली, आणि तिच्या मार्गदर्शक दीपमाला मॅडम काही मुदत वाढवून देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

हिरवा सब्जा बाळापुरात एकाच जागी उरला होता, रहिमाबीच्या कबरीवर. कबरीवर सब्जा लावायची रीतच आहे. ओला पाला अल्लाचं नाव घेत राहतो आणि खाली निजलेल्याला तेवढाच आराम पडतो, असं इफ्फत लहानपणापासून ऐकत आलेली. शफीचाचा लांबून घागर आणून रोज तिथं पाणी घालत. कब्रस्तानात बायका सहसा जात नाहीत. इफ्फत गेली, भर उन्हात, चिटपाखरू नसताना. झाड ते झाड, असं स्वतःला बजावत तिनं सगळा सब्जा विळ्यानं बुडापासून कापला आणि पिशवीत कोंबला. मॅडमना सांगितलं, चाचांच्या वावरातलाच आहे. शिकलेल्या माणसाला खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत.

तेल निघालं ते पाण्यासारखं स्वच्छ. थेंब पडताक्षणी जांभळा रंग उडाला. मॅडम खूश झाल्या. पण शेजारच्या नळीतल्या जांभळ्या द्रावणात तेल घातलंच नव्हतं, आणि तेही पिवळं पडलं.

"नळ्या नीट धुतल्या नाहीस तू," मॅडम म्हणाल्या.

इफ्फतनं धुतल्या. पुन्हा तेच झालं. मॅडमनी खाता खाता टेबलावर ठेवलेली सफरचंदाची फोड आठवडा उलटला तरी पांढरीच्या पांढरी. माशी बसली नाही की मुंगी लागली नाही. शेवटी मॅडमच कसनुशा झाल्या.

"टाक ती बाहेर. मला बघवत नाही."

आणि एका दुपारी शफीचाचा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"बेटा, तू शिकली-सवरली, म्हनून इचारतो. माती मानसाले घेत नाई, असं होते का?"

"काहून, चाचा?"

"रहिमाच्या मांगून बाजूले दुसरेबी निजवले. त्याइच्या कबरा बसल्या, लोकायनं वरून माती टाकली. हिची बसूनच नाई राहिली. लोक म्हनतात, बाईचा काई गुन्हा असन." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "तिनं कोनाचं पान बी न इचारता तोडलं नाई. कोन्या जनावरानं वरचा सब्जा खाल्ला ना, तवापासून हे असं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं इफ्फतला वाटलं.

"जनावर नाई, चाचा. म्या कापला."

चाचांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

"मले सांगतलं असतं, तं म्याच तोडून देल्ला असता, बेटा."

एवढंच म्हणाले. त्यांनी थोबाडीत मारली असती तर तिला सोसलं असतं.

त्याच दिवशी तेलाची शिशी घेऊन ती त्यांच्याबरोबर बाळापूरला गेली. उन्हं कलली होती. आजूबाजूच्या कबरी खचलेल्या, आणि मधोमध रहिमाबीची तशीच उंच. जमिनीचा उतार नदीकडे. चाचा त्या खालच्या अंगाला बसले, इफ्फत वरच्या.

कबरीवरून वाकून तिनं चाचांच्या बाजूला, खालच्या अंगाला शिशी रिकामी केली.

"चाची, तुमचं तुमाले."

घागरभर पाणी घटाघटा पिणारी ती माती. तेल तिनं घेतलं नाही. ते वर तसंच थांबून राहिलं.

मग हललं.

नदीकडे नाही. कबरीच्या माथ्यावर चढून ते इफ्फतच्या पायाकडे येऊ लागलं.

तिनं पाय बाजूला घेतला.

तेलही तिकडेच वळलं.